परिशिष्ट ‘ब’ मधले रान

करारनाम्याला जोडलेले परिशिष्ट कुणी वाङ्मय म्हणून वाचत नाही. मी वाचले ते निव्वळ योगायोगाने. पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातल्या एका गावच्या माळावर ‘देशी अधिवास पुनरुज्जीवना’चा आरंभ होता. गायरानाचा एक तुकडा, एका कंपनीचा सामाजिक दायित्वाचा निधी, प्रत्यक्ष काम करणारी एक संस्था आणि ग्रामपंचायत, अशी भागीदारी होती. मला बोलावले होते ते वृक्षांना सोयरे मानणाऱ्या तुकोबांच्या अभंगावर वीस मिनिटे बोलायला. प्रमुख पाहुण्यांची गाडी वाटेत अडकली. मांडवात बसून करायचे काय, म्हणून टेबलावरची फाइल पुढे ओढली.

परिशिष्ट ‘ब’ म्हणजे लावायच्या झाडांची यादी. वड, पिंपळ, उंबर, कदंब, बकुळ, अर्जुन, कांचन, ताम्हण, जांभूळ, करंज, सीताअशोक. पुढे संख्या, त्यापुढे दर. यादीत एकही परदेशी झाड नव्हते. गिरिपुष्प नाही, सुबाभूळ नाही, निलगिरी नाही. पंचवीस वर्षांपूर्वी अशा यादीत हीच तीन नावे असती, तेव्हा बदल चांगलाच म्हणायचा. तरी वाचताना काहीतरी खटकत होते, आणि खटकण्याहून जास्त म्हणजे ओळखीचे वाटत होते. ही यादी आपण कुठेतरी वाचली आहे. बकुळ, अशोक, कदंब... घरी परतताना एसटीत लक्षात आले: हे पंडिती काव्यातले वनवर्णन आहे.

कार्यक्रम संपल्यावर माळाच्या कडेने चालत गेलो. तारेचे नवे कुंपण होते आणि कुंपणाबाहेर मेंढरे. राखणारा म्हातारा काठीवर हनुवटी टेकून आत बघत होता.

“आबा, झाडं लावतायत इथं.”

“लावा की. झाडाला कोन नगं म्हनतंय? पन मास्तर, गवताला ऊन लागतंय. सावलीत मारवेल धड येत न्हाई.”

यादीत गवताचा एकही प्रकार नव्हता हे मला तेव्हा कळले.

या लेखाचा विषय ती यादी आहे. देशी वनस्पतींचे अधिवास पुन्हा उभे करण्यासाठी सरकार, कंपन्या, संस्था आणि गावे यांच्या भागीदाऱ्या आज महाराष्ट्रभर होत आहेत. त्यांच्यावर पैशांच्या, जमिनीच्या, कायद्याच्या अंगाने बरेच लिहिले जाते. माझा मुद्दा वेगळा आहे, आणि तो वाङ्मयसमीक्षेच्या हद्दीत येतो. ‘इथे पूर्वी काय होते?’ या प्रश्नाचे उत्तर दिल्याशिवाय पुनरुज्जीवन हा शब्दच वापरता येत नाही. ते उत्तर आपण कळत-नकळत जुन्या साहित्यातून उचलतो. मात्र उचलताना चुकीच्या परंपरेतून उचलतो.

पुनरुज्जीवनाच्या शास्त्रात ‘संदर्भ परिसंस्था’ अशी एक कल्पना आहे. बिघडलेली जागा दुरुस्त करायची तर ती कशासारखी करायची, याचा नमुना आधी ठरवावा लागतो. शेजारी शाबूत राहिलेला तुकडा, जुनी सर्वेक्षणे, परागकण, माणसांच्या आठवणी, यांतून तो नमुना जुळवतात. आपल्याकडे आज लोकप्रिय असलेल्या मियावाकी पद्धतीचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. अकिरा मियावाकी हे जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ २०२१ साली वारले. त्यांच्या कामाची सुरुवात देवळांभोवतीची जुनी राने, म्हणजे आपल्या भाषेत देवराया, तपासण्यापासून होते. मानवी हस्तक्षेप नसता तर या जागी कोणती वनस्पती असती, हा त्यांचा पहिला प्रश्न. आपल्या शहरांनी त्यांच्याकडून दाट लागवड तेवढी घेतली आणि पहिला प्रश्न तिकडेच ठेवला. हे म्हणजे एखाद्या पोथीची संपादित आवृत्ती काढताना हस्तलिखिते न पाहता फक्त बांधणी उत्तम करण्यासारखे झाले.

सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर किंवा कोकणात हा प्रश्न तुलनेने सोपा आहे, कारण तिथे संदर्भ उभा आहे. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी गेल्या शतकाच्या सत्तरच्या दशकात देवरायांचा अभ्यास करून ठेवला. संगमेश्वर परिसरात एका पुणेरी संस्थेने, अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशनने, देवराया आणि खासगी राने टिकवण्यासाठी गावांशी करार केले. बेहड्याची फळे गोळा करण्याला ‘फेअरवाइल्ड’ प्रमाणपत्र मिळवून दिले. जुन्या बेहड्याच्या ढोलीत धनेश घरटे करतो. फळाला बरा भाव मिळाला तर बेहडा उभा राहतो, आणि बेहडा राहिला तर धनेशाची ढोली राहते. या भागीदारीत कशाचे रक्षण करायचे हे सर्वांना डोळ्यांनी दिसते. तिथे वादाला जागा पैशापुरती आणि मुदतीपुरती.

अडचण घाट उतरून पूर्वेला आले की सुरू होते. पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस, मुरमाड जमीन, गवत आणि मधूनमधून काटेरी झाड. हिवर, बाभूळ, खैर, बोर, तरटी, हेकळ, मेडशिंगी. खाली पवन्या, मारवेल, डोंगरी, कुसळी. वर्षातले आठ महिने हा प्रदेश पिवळा दिसतो, आणि पिवळे ते मेलेले असे आपल्या डोळ्याने कधीचे ठरवून टाकले आहे. काळवीट, चिंकारा, खोकड, लांडगा, माळढोक हे सारे याच पिवळ्या रानाचे रहिवासी. त्यांतला माळढोक तर, सोलापूरजवळ नान्नजला १९७९ पासून त्याच्या नावाचे अभयारण्य असूनही, आपल्या राज्यातून जवळजवळ गेला.

मराठीत या जमिनीला शब्द कमी नाहीत. माळ, माळरान, बरड, कुरण, गायरान, पड. कुरण हा मराठेशाहीत राखीव मालमत्तेचा प्रकार होता. घोडदळावर चालणाऱ्या राज्याला गवत राखणे परवडणारे नव्हते असे नाही, न राखणे परवडणारे नव्हते. देशावरचा शेतकरी आपल्या शेतालाही रानच म्हणतो. “रानात गेलाय” याचा अर्थ कुणी जंगलात गेला असा होत नाही. आणि खुद्द जंगल हा शब्द पाहा. चरकसंहितेतला ‘जांगल’ देश म्हणजे मोकळा, कोरडा, भरपूर हवेचा, शमी, खदिर, बदरी, धव अशा झाडांचा मुलूख. दलदलीचा आणि दाट झाडीचा तो ‘आनूप’. जांगल देशात रोग कमी, असे वैद्यक सांगते. म्हणजे ज्या माळाला आज आपण ‘इथे जंगल राहिले नाही’ म्हणतो, तो शब्दाच्या जुन्या अर्थाने अस्सल जंगल आहे.

एवढी शब्दसंपत्ती असताना सरकारी कागदावर एकच शब्द उरला: पडीक. वसाहतीच्या महसूलखात्याने ज्या जमिनीवर सारा बसत नाही ती पडीक ठरवली. स्वातंत्र्यानंतर नोंदीचे मथळे तेच राहिले. १९८५ साली पडीक जमीन विकासासाठी राष्ट्रीय मंडळ निघाले, आणि उपग्रहाच्या चित्रांवरून पडीक जमिनींचे नकाशे झाले तेव्हा त्यांत झुडपी आणि गवताळ जमिनींचे मोठे क्षेत्र जाऊन बसले. पडीकाचा विकास म्हणजे त्यावर झाडे लावणे, हे मग ओघाने आले. २०१९ साली महाराष्ट्रात एका पावसाळ्यात तेहतीस कोटी झाडे लावायचे उद्दिष्ट होते. (आकडा देवांच्या संख्येशी जुळतो हा योगायोग नसावा.) त्याच वर्षी ‘सायन्स’ या नियतकालिकात जगात कुठेकुठे आणखी झाडे बसतील याचा हिशेब मांडणारा एक शोधनिबंध गाजला, तुम्ही गवताळ प्रदेशांना रिकामी जागा समजलात, असा आक्षेप गवताळ प्रदेशांच्या अभ्यासकांनी काही महिन्यांतच त्याच पानांवर घेतला. माळाच्या कडेला उभे असलेले आबा त्या आक्षेपाचे सार एका वाक्यात सांगत होते.

आता साहित्याकडे येतो.

२०२५ साली आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी ‘पीपल अँड नेचर’ या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी पश्चिम महाराष्ट्रातले पारंपरिक मराठी साहित्य, तेराव्या शतकातल्या ‘लीळाचरित्रा’पासून ते लोकदैवतांच्या कथा-गीतांपर्यंत, चाळून त्यात कोणत्या जागी कोणत्या रानटी वनस्पती येतात हे टिपले आणि नकाशावर मांडले. निष्कर्ष असा, की या नोंदींतल्या बहुसंख्य वनस्पती गवताळ, विरळ झाडांच्या रानाच्या आहेत. दाट अरण्याच्या अगदी थोड्या. म्हणजे पठारावरचा माळ हा अलीकडच्या तोडीचा अवशेष नसून निदान सातशे वर्षे तो असाच आहे.

हा निबंध वाचून मला आनंद झाला आणि थोडी लाजही वाटली. हे काम मराठी विभागांत व्हायला हवे होते. आपण ‘लीळाचरित्रा’वर भाषेच्या, पाठाच्या, समाजचित्रणाच्या अंगाने शेकडो पाने लिहिली; चक्रधरस्वामी ज्या झाडाखाली बसले ते झाड कोणते आणि ते तिथे का होते, हे विचारायला वनस्पतींचा अभ्यासक यावा लागला. पण आनंदाबरोबर समीक्षकाची शंकाही आलीच. साहित्यात झाड आले म्हणजे ते रानात होते असे धरता येते का?

येत नाही. कमीत कमी सरसकट येत नाही. आपल्या काव्यशास्त्राला हे पूर्वीपासून ठाऊक आहे. दंडीने महाकाव्यात नगर, समुद्र, पर्वत, ऋतू, उद्यान यांची वर्णने असावीत असे सांगितले, तेव्हापासून रान पाहिले नसलेला कवीही रानाचे वर्णन करू लागला. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त कविसंकेतांची चर्चा केली आहे: प्रत्येक जलाशयात हंस, प्रत्येक पर्वतावर रत्ने, चंदन मात्र मलय पर्वतावरच. त्याचे पूर्वज महाराष्ट्राशी जोडलेले, तेव्हा पठाराचा पिवळा रंग त्याला माहीत असणारच. पण काव्यात कशाला प्रवेश आहे हे तो नीट जाणतो. तरुणीच्या लाथेने फुलणारा अशोक आणि तिच्या मुखातल्या मद्याने फुलणारी बकुळ ही झाडे या संकेतसृष्टीत उगवलेली आहेत. मराठी पंडिती काव्याने ती तशीच उचलली. परिशिष्ट ‘ब’ मध्ये ती पुन्हा उगवली. यादी तयार करणाऱ्या तरुण अधिकाऱ्याने दंडी वाचला असेल असे मी म्हणत नाही. ‘शुभ’, ‘पवित्र’, ‘सावली देणारे’, ‘फुलांचे’ झाड कोणते याचे संस्कार आपल्याला देऊळ, पाठ्यपुस्तक आणि फलकांवरची सुभाषिते यांतून मिळतात, आणि त्या संस्कारांचे उगमस्थान उद्यानवर्णनात आहे. उद्यान आणि रान यांतला फरक त्या यादीत पुसला गेला.

मग दुसरी परंपरा कुठे सापडते? जिथे लेखकाला झाडाशी काही कर्तव्य नाही तिथे. हालाच्या ‘गाथासप्तशती’त मोह, ताग, कापूस येतात ते सौंदर्यासाठी नव्हेत, भेटायला आडोसा हवा म्हणून तागाचे शेत येते, आणि ताग कापला गेला की भेटीची पंचाईत होते. महानुभावांची ‘स्थानपोथी’ घ्या. स्वामींच्या चरणस्पर्शाची जागा अचूक सापडावी म्हणून तिथे दिशा, अंतर, देवळाचे तोंड यांची नोंद आहे. अशा गद्यात झाड आले तर ते खूण म्हणून येते. खुणेचे झाड खोटे असेल तर यात्रेकरू चुकेल. माझ्या मते या साधनांची छाननी करताना पहिली कसोटी हीच धरावी. जितका उल्लेख निरुपयोगी, तितका तो विश्वासार्ह. गाय बांधली ते झाड, काटा मोडला ते झुडूप, शेळीने खाल्लेला पाला.

दुसरी कसोटी पाठचिकित्सेतून उसनी घेता येईल. दोन पाठ समोर असतील तर अवघड पाठ मूळचा असण्याचा संभव जास्त, कारण लेखनिक अवघडाचे सोपे करतो, सोप्याचे अवघड करत नाही. कान्होपात्रेची कथा या दृष्टीने वाचावी. मंगळवेढ्याची ही संत, बीदरच्या बादशहाचे बोलावणे आले तेव्हा पंढरपुरात विठ्ठलाच्या पायी देह ठेवते, आणि तिच्या जागी झाड उगवते. भक्ताच्या समाधीवर झाड कल्पायचे तर कवीच्या हाताशी तुळस आहे, बकुळ आहे, चाफा, प्राजक्त आहे. पण पंढरपूरच्या मंदिरात कान्होपात्रेचे म्हणून दाखवतात ते झाड तरटीचे. काटेरी, वेडेवाकडे, कोणत्याही काव्यात मान नसलेले. असे झाड कुणी कल्पनेने लावत नाही. आधी तरटी उभी होती, मग कथा तिच्याभोवती आली. कथेला तरटी टाळता आली नाही, हेच तिच्या तिथे असण्याचे प्रमाण.

यावर एक रास्त आक्षेप घेता येतो. काटेरी रान हाही संकेत असू शकतो. विरक्ताला उजाड जागा शोभते, आणि ओसाड मुलखात देव प्रकटला की चमत्कार मोठा दिसतो. हे खरे आहे. क्षेत्रमाहात्म्यांत ‘आधी येथे घोर अरण्य होते’ हे वाक्य जितके ठरीव, तितकेच ‘आधी येथे काट्यांचे रान होते’ हेही ठरीव होऊ शकते. म्हणून सामान्य विशेषणांना किंमत देऊ नये, विशिष्ट नावांना द्यावी. ‘कंटकवन’ म्हणणे हा संकेत झाला, हिवर किंवा नेपती म्हणणे ही ओळख झाली. नाव माहीत असायला माणसाचे त्या झाडाखालून जाणे-येणे असावे लागते. शिवाय महानुभाव गद्यकार, वारकरी चरित्रकार आणि धनगरी ओवी गाणारा यांचे हेतू इतके वेगळे, की तिघांनी मिळून एकच खोटे रान रचले असे म्हणणे कठीण.

धनगरी ओवीचे महत्त्व इथे सर्वांत जास्त. गुंथर सोन्थायमर या जर्मन अभ्यासकाने बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा यांच्या परंपरा धनगरांबरोबर हिंडून गोळा केल्या. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल: एक महासमन्वय’ (१९८४) मध्ये विठ्ठलाचे गवळी-धनगरांशी असलेले नाते उलगडले. आपण ते दैवतशास्त्र म्हणून वाचले. पण ज्या देवाची मुळे गोपालकांत आहेत, त्या देवाच्या भोवती गोधन पोसणारे गवत असणार, हा त्या प्रतिपादनाचा भूगोल आपण मोकळा सोडला. पंढरपूरच्या मंदिरातली तरटी आणि ढेऱ्यांचा गवळ्यांचा विठ्ठल हे एकाच रानातून आलेले आहेत.

एका गोष्टीची कबुली द्यायला हवी. मीही त्या दिवशी मांडवात चुकीचेच वाचन केले. तुकोबांच्या अभंगावर बोलताना मी गर्द सावलीचे, पानांच्या कमानींचे वर्णन करून आलो. देहूच्या परिसरातल्या भंडारा, भामचंद्र, घोरवडेश्वर या टेकड्या घाटमाथ्यासारख्या गच्च झाडीच्या नाहीत. तुकोबांनी सोयरे म्हणून ज्यांना पाहिले ते त्या टेकड्यांवरचे असणार. आपण मात्र फलकावर त्या अभंगाशेजारी केरळचे छायाचित्र छापतो. ‘आज्ञापत्रा’चेही असेच झाले आहे. पर्यावरणावरच्या प्रत्येक मराठी भाषणात झाडे न तोडण्याचा तो उतारा येतो. तो उतारा आरमाराच्या प्रकरणातला आहे. त्यात प्रश्न गलबतांच्या लाकडाचा आणि रयतेच्या आंबा-फणसाचा आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी कोकणच्या लाकडाबद्दल लिहिलेले वाक्य आपण माणदेशच्या माळावर नेऊन लावतो, आणि तिथे ते परिशिष्ट ‘ब’ मधल्या कदंबासारखे सुकून जाते.

माणदेशावरून व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) आठवणे अपरिहार्य. या कादंबरीची समीक्षा दारिद्र्य, दुष्काळ, बदलणारे खेडे या सूत्रांभोवती फिरत राहिली. तिच्यातला माळ आपण पार्श्वभूमी मानला, आणि तीही अभावाची. दुष्काळ पडतो, मेंढरे मरतात, वाडी उठते, हा शेवट मनात इतका ठसला की त्याआधी ती वाडी त्याच माळावर जगत होती याचा विसर पडला. धनगरांचे उठणे म्हणजे नेहमीच उद्ध्वस्त होणे नव्हे. देशावरचे कितीतरी कळप दरवर्षी दिवाळीनंतर कोकणाकडे उतरतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. वाटेत शेतकरी आपल्या शेतात मेंढ्या बसवून घेतो. रात्रभराच्या लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे देतो. ‘भागीदारी’ हा शब्द करारनाम्यात येण्याच्या किती आधीपासून ही भागीदारी चालू आहे.

आता पुन्हा करारनाम्याकडे. कंपनी कायदा २०१३ मधल्या १३५ व्या कलमाने ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायला लावले. पैसा आला, हिशेब आला, आणि मोजता येईल अशी वस्तू हवी झाली. झाड मोजता येते. गवत कसे मोजायचे? रोपाला खड्डा, ठिबक, टँकर, फलक आणि जिवंत रोपांची टक्केवारी आहे. शिवाय खड्डे आणि चर काढताना शेकडो वर्षे मुरमात घट्ट बसलेली गवताची मुळे उखडतात, ती नुकसानीच्या कुठल्याच रकान्यात येत नाहीत. संस्थेतल्या तरुणांचा हेतू स्वच्छ होता, हे मी स्वतः पाहिले. त्यांना दोष देऊन हात झटकता येणार नाही. त्यांनी आमच्या समीक्षेकडून संदर्भ मागितला असता तर आम्हीही त्यांना बकुळच दिली असती.

कुंपणाचा प्रश्न याहून अवघड आहे, आणि इथे मला धनगरांची बाजू घेऊन मोकळे होता येत नाही. चराई बेसुमार झाली की मारवेल, पवन्या ही चांगली गवते मागे हटतात आणि कुसळी माजते. हिवरे बाजारने चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी केली, गवत कापून नेण्याची पद्धत बसवली, आणि त्यांचे डोंगर गवताने भरले. पण ती बंदी गावाने स्वतःवर घातली होती, आणि राखायचे ते गवतच होते. आमच्या माळावरची बंदी बाहेरून आली, तीही ज्याच्या सावलीत गवत धड येत नाही त्या झाडांसाठी. २००६ च्या वनहक्क कायद्यात भटक्या पशुपालकांच्या हंगामी चराईचा हक्क स्पष्ट शब्दांत आहे. तरी धनगर अनुसूचित जमातीत नसल्याने त्यांना तीन पिढ्यांचे, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचे वास्तव्य आणि अवलंबन सिद्ध करावे लागते. सतत हिंडणाऱ्या माणसाने एका जागचा पुरावा कुठून आणायचा? त्याच्या ओवीत वाटेवरचे पाणवठे आणि थांबे येतात. कधीकाळी एखाद्या दावा-समितीसमोर ओवी कागदपत्र म्हणून ठेवली गेली, तर ती तिथे टिकावी अशी चिकित्सक आवृत्ती आपल्याकडे तयार आहे का? सोन्थायमर १९९२ साली गेले. त्यांच्या संग्रहाच्या तोडीचे काम त्यानंतर फारसे पुढे सरकलेले नाही.

काही ठिकाणी वारे फिरते आहे. इंदापूरजवळ कडबनवाडी आणि बारामतीजवळ शिर्सुफळ इथे वन खात्याने २०२४ पासून गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली. लोक तिकीट काढून माळ पाहायला येतात, लांडगा दिसला तर धन्य होतात. ज्याला पडीक म्हणायचे तेच दाखवायचे, हा बदल लहान नाही. फक्त सफारीचा माळ आणि मेंढरांचा माळ असे दोन माळ होऊ नयेत. लांडगा मेंढरांच्या मागे मागे जगत आला आहे.

मधल्या काळात त्या संस्थेच्या एका कार्यकर्तीचा फोन आला. पहिल्या उन्हाळ्यात कदंब आणि ताम्हण जवळजवळ सगळे गेले; करारानुसार मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावायची आहेत. “सर, तुम्ही त्या दिवशी नंतर काहीतरी वेगळं म्हणत होता. दुसरी यादी द्याल का?” मी यादी केली. हिवर, खैर, बोर, मेडशिंगी, हेकळ, तरटी. तीही एकमेकांपासून लांब लांब. बाकी जागा मोकळी, आणि मारवेल व पवन्याचे बी. त्यांच्या मुख्य कार्यालयातून विचारणा आली की मोकळ्या जागेचा दर कोणत्या रकान्यात लिहायचा. त्याचे उत्तर अजून ठरायचे आहे.

तरटीचे रोप तर मला कुठल्याच रोपवाटिकेत मिळाले नाही. तिघांनी नाव ऐकले नव्हते, एकाने ऐकले होते, तो म्हणाला, “ती कोण मागतं?” आता बी धरूनच रोपे करावी लागणार. बी कधी पिकते आणि आधी पाखरे नेतात की शेळ्या, हे आबांना विचारायचे होते. पण दिवाळी जवळ आली आहे. त्यांचा वाडा घाटाच्या वाटेला लागण्याआधी एकदा जाऊन यायला हवे.